फुल्ली-गोळ्याची वही: चार नियम, एकोणीस नियम, सात नियम

ही हकीकत सांगलीतल्या चार जणांच्या गटाची आहे. शेअरचे आलेख हाताने काढायचे आणि त्यावरून खरेदी-विक्री करायची, हा त्यांचा २००९ पासूनचा नेम. त्या चौघांतला चौथा मी. व्यवसायाने करसल्लागार, आणि गटात शिरलो तो बाकीच्यांची विवरणपत्रं भरता भरता. ओळख पटू नये म्हणून इथे नावं दिलेली नाहीत आणि एक-दोन तपशील बदललेत. वहीतले नियम मात्र जसेच्या तसे आहेत.

पार्श्वभूमी

गटाचे मूळ पुरुष म्हणजे काका, बँकेतून निवृत्त झालेले. दुसरे अण्णा, त्यांचं औषधांचं दुकान. बैठक त्याच दुकानाच्या मागच्या खोलीत, खोकल्याच्या औषधांच्या खोक्यांवर पाट टाकून. तिसरे सर, कॉलेजात गणित शिकवायचे. रविवारी सकाळी आठ ते दहा, दोन वेळा चहा, आणि मध्ये हिरव्या चौकटींची मोठी आलेखवही.

पद्धतीचं नाव पॉइंट अँड फिगर. पहिल्याच रविवारी अण्णांनी तिला ‘फुल्ली-गोळा’ म्हटलं आणि तेच नाव टिकलं. पद्धत अशी. आडव्या बाजूला तारखा नसतातच. भाव ठरावीक रकमेने वर गेला की फुल्ली, तेवढाच खाली आला की गोळा. फुल्ल्या एका स्तंभात वर चढतात, गोळे पुढच्या स्तंभात खाली उतरतात. भाव हलला नाही तर पेन्सिलही हलत नाही. महिनाभर बाजार झोपला तर वहीही झोपते. काकांना हेच आवडलं होतं. ते म्हणायचे, रोजच्या गोंगाटाला या वहीत जागा नाही.

२००९ साली वहीच्या पहिल्या पानावर चारच नियम होते:

१. चौकोन शेअरला ५ रुपयांचा, निफ्टीला ५० अंकांचा.
२. तीन चौकोन उलट गेल्याशिवाय नवा स्तंभ नाही.
३. मागच्या फुल्ल्यांच्या माथ्यावर एक फुल्ली चढली की खरेदी.
४. मागच्या गोळ्यांच्या तळाखाली एक गोळा उतरला की विक्री.

काकांनी हे नियम पुण्यातल्या एका दोन दिवसांच्या वर्गातून आणले होते. तिथे काय वगळलं गेलं हे आम्हाला बारा वर्षांनी कळलं.

अडचण कशी वाढत गेली

पहिली दोन वर्षं बरी गेली. मग खोटे इशारे वाढले. फुल्ली माथ्यावर चढायची, आम्ही घ्यायचो, आठवड्यात तीन गोळे. विकलं की पुन्हा वर. दरवेळी पोळलं की वहीत एक नियम वाढायचा. दुधाने तोंड पोळलेले चार जण एकत्र बसले की ताक किती फुंकलं जातं ते बघायचं असेल तर आमची वही बघावी.

पाचवा नियम आला: माथ्यावर एक फुल्ली पुरेशी नाही, दोन हव्यात. सहावा: एकाच उंचीवर दोनदा अडकून तिसऱ्यांदा वर निघाला तरच घ्यायचं. सातवा तिरक्या रेघेचा: सर्वांत खालच्या गोळ्यापासून दर स्तंभाला एक चौकोन अशी पंचेचाळीस अंशांची रेघ वर न्यायची आणि भाव तिच्या वर असेल तरच खरेदी. हा नियम आमचा नव्हे, पद्धतीतलाच जुना आहे; पण आम्ही तो घेतला एका सिमेंट कंपनीत हात पोळल्यावर. पुढे कंपनीच्या निकालाच्या दिवशी नवा सौदा नाही. ज्यात रोजची उलाढाल नगण्य तो शेअर वहीत नाही. सलग वीसहून जास्त फुल्ल्यांचा स्तंभ असेल तर त्याच्या शेंड्यावर घ्यायचं नाही. एकाच शेअरमध्ये दोनदा मार खाल्ला तर महिनाभर त्याला हात लावायचा नाही.

त्यात एक नियम होता, ‘फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात खरेदी बंद’. कारण अर्थसंकल्प. २०१७ पासून अर्थसंकल्प १ फेब्रुवारीला येऊ लागला, तरी आमचा शेवटचा आठवडा पुढची दोन वर्षं इमानेइतबारे बंदच होता. १ फेब्रुवारीला मात्र आम्ही बेधडक खरेदी करत होतो. नियम पाळला जात होता, पण तो कशासाठी आहे हे कोणाच्या लक्षात नव्हतं.

अमावास्येचा नियम अण्णांचा, अर्धा थट्टेचा. पण वहीत शाईने लिहिला गेला तो गेलाच. पहिल्याच दिवाळीत गाडी अडली, कारण लक्ष्मीपूजन अमावास्येलाच येतं आणि बाजाराचा मुहूर्ताचा सौदा तेव्हा त्याच संध्याकाळी असायचा. मग पोटनियम आला: ‘लक्ष्मीपूजन वगळून’. मार्च २०२० पर्यंत असे एकोणीस नियम झाले होते.

मग ते दिवस आले. १३ मार्चला उघडताच बाजार थांबवला गेला. २३ मार्चला पुन्हा, आणि त्या दिवशी निफ्टी सुमारे १३ टक्के पडून ७,६१० वर बंद झाला. निफ्टीचं पान खाली संपलं, म्हणून काकांनी खळ लावून खाली आणखी एक कागद चिकटवला. तो जोड अजून वहीत आहे, त्याची एक कड सुटलीय. पडत्या बाजारात आम्ही फार अडकलो नाही, कारण एकोणीस नियमांमुळे आमच्याकडे शेअरच फार नव्हते. पण बाजार फिरल्यावर त्याच नियमांनी पाय बांधून ठेवले. तिरकी रेघ फार वर होती, दोनदा मार खाल्लेले शेअर महिन्यामहिन्याने बाद होत होते, आणि जे उसळले त्यांचे स्तंभ वीस फुल्ल्यांच्या पुढे होते. आमच्या वहीने पहिली खरेदी मान्य केली ती नोव्हेंबरात, निफ्टी जानेवारी २०२० चा उच्चांक ओलांडत असताना.

काका एवढंच म्हणाले, “चौकीदार इतके ठेवले की मालकालाच आत येता येईना.”

निदान: भाची आणि पडदा

टाळेबंदीत काकांची भाची पुण्याहून घरी आली. ती सॉफ्टवेअरमध्ये. मामांची वही बघून तिने आमचे मूळ चार नियम संगणकावर बसवले, इंटरनेटवरून जुने भाव ओढले आणि पहिला आलेख काढला तो एचडीएफसी बँकेचा, कारण वहीत त्याची पानं सर्वांत जास्त होती.

दोन्ही जुळेनात. वहीत २०१० सालाला अडीच पानं लागली होती, फुल्ली-गोळे, फुल्ली-गोळे, शिवणयंत्राची टीप घातल्यासारखे. पडद्यावर तेवढ्याच वर्षाला मोजून नऊ स्तंभ.

“मामा, तुमची वही चुकलीय.”

“वही चुकत नाही. तुझा भाव बघ आधी.”

दोघांचंही बरोबर होतं. जुलै २०११ मध्ये त्या शेअरचं विभाजन झालं, १० रुपयांचं दर्शनी मूल्य २ रुपये झालं, म्हणजे एका शेअरचे पाच. सप्टेंबर २०१९ मध्ये २ चं १, म्हणजे एकाचे दोन. त्यामुळे संगणक २०१० चे सगळे भाव दहाने भागून दाखवत होता. काकांनी जो भाव अडीच हजारांच्या आसपास पाहिला होता तो पडद्यावर अडीचशे. चौकोन दोन्हीकडे ५ रुपयांचाच. अडीच हजारांवर ५ रुपये म्हणजे ०.२ टक्के, अडीचशेवर २ टक्के. एकच नियम, एकच शेअर, एकच वर्ष. तरी चौकोन दहापट वेगळा.

पडद्यावरचा आलेख फार देखणा होता. मोजके इशारे, बहुतेक खरे ठरलेले. अण्णा हरखले: बघा, मूळ चार नियमच सोन्यासारखे होते! त्यावर सर जे बोलले ते मला या प्रकरणातलं कळीचं वाक्य वाटतं. ते म्हणाले, “हा आलेख २०१० साली कोणालाही काढता आला नसता. पुढे विभाजन होणार हे माहीत असेल तरच चौकोन एवढा मोठा येतो.” जुन्या भावांवर नियम तपासून खूश होणाऱ्या कितीतरी जणांना ही मेख माहीत नसते. मलाही नव्हती.

मग सरांनी फळ्यावर, म्हणजे औषधाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर, निफ्टीचा हिशेब मांडला. निफ्टी ४,००० असताना ५० अंकांचा चौकोन म्हणजे १.२५ टक्के. १०,००० ला अर्धा टक्का. १५,००० ला एक तृतीयांश. पहिला नियम आम्ही एका अक्षरानेही बदलला नव्हता, पण खालची जमीन वर सरकत गेली आणि नियम आपोआप बदलत गेला. तीन चौकोन उलटणं म्हणजे सुरुवातीला जवळजवळ चार टक्क्यांची घसरण होती. ती आता एक टक्का झाली होती. एक टक्का तर निफ्टी चहा पिता पिता हलतो. खोटे इशारे वाढले ते त्यामुळे.

आणि आम्ही काय करत होतो? दोन फुल्ल्या थांबा, दोनदा अडकू द्या, अमुक झाल्याशिवाय घेऊ नका. दोन फुल्ल्या थांबायचं म्हणजे चौकोन दहाचा करायचा, फक्त तसं न म्हणता. आमचे बरेचसे नियम हे आक्रसलेला चौकोन पुन्हा मोठा करण्याचे आडमार्ग होते. छत गळतंय आणि आम्ही दर पावसाळ्यात एक नवीन बादली आणतोय, असा प्रकार.

माझ्या खात्यातली भर म्हणून मी करांचा हिशेब जोडला. डिलिव्हरीच्या, म्हणजे शेअर प्रत्यक्ष खात्यात घेण्याच्या, सौद्यावर एसटीटी (शेअर-सौद्यांवरचा सरकारी कर) खरेदीला ०.१ आणि विक्रीला ०.१ टक्का. अडीच हजारांच्या शेअरला ये-जा मिळून ५ रुपये. म्हणजे नेमका एक चौकोन. ही झाली फक्त एसटीटी. मुद्रांक शुल्क आणि दलाली वेगळी.

वर्गात काय वगळलं गेलं होतं तेही सरांनी शोधून काढलं. पद्धत अमेरिकेतली, शंभराहून जास्त वर्षं जुनी. अर्थपत्रकार चार्ल्स डाऊ यांनी १९०१ च्या सुमारास तिचा उल्लेख ‘बुक मेथड’, म्हणजे चक्क ‘वहीची पद्धत’, असा केला होता. सुरुवातीला फुल्ल्याही नव्हत्या. चौकटीत भावाचे आकडेच लिहीत, म्हणून नावात ‘फिगर’. प्रत्येक बारीक हालचाल टिपायला दिवसभर भाव छापणाऱ्या टेपसमोर बसावं लागे. पुढे एब कोहेन यांनी तीन चौकोनांच्या उलटीची रीत रुळवली, जी दिवसअखेरच्या उच्चांक-नीचांकावर चालते. त्यामुळे नोकरी-धंदा करणाऱ्यालाही वही ठेवता आली. त्या रीतीत चौकोन भावाच्या पट्ट्यानुसार बदलायचा: वीस ते शंभर डॉलरच्या शेअरला एक डॉलर, त्याखाली अर्धा, वर दोन. पुण्याच्या वर्गात यातला एकच आकडा रुपयांत करून शिकवला गेला. तक्ता तिकडेच राहिला. नियम एका हातातून दुसऱ्या हातात जाताना आधी त्याच्या अटी गळतात, आकडा तेवढा शिल्लक राहतो.

समोर आलेले पर्याय

जानेवारी ते जून २०२१ हा वाद चालला. एकोणीस नियम तसेच ठेवायचे, हा पर्याय कोणी उघड मांडला नाही. पण दर रविवारी काही न ठरवता उठलो की तोच निवडला जात होता.

अण्णांचं म्हणणं सोपं: वाढवलेलं सगळं खोडा, मूळ चारवर या. पण मूळ चारमधलाच पहिला नियम मोडका होता.

पट्ट्यांचा तक्ता रुपयांत बनवायचा विचार झाला. अडचण सीमेवर. समजा ५०० च्या खाली ५ रुपये आणि वर १० रुपये चौकोन ठेवला, तर ४९५ आणि ५०५ मध्ये घुटमळणाऱ्या शेअरचा चौकोन मध्येच दुप्पट होतो. तिथली पानं वाचताच येत नाहीत.

भाचीने सुचवलं की चौकोन शेअरच्या चंचलपणावरून ठरवावा, म्हणजे गेल्या काही दिवसांच्या सरासरी चढ-उतारावरून. संगणकावर ते सुंदर दिसलं. पण ती सरासरी बदलली की सॉफ्टवेअर सगळा जुना आलेख नव्या चौकोनाने पुन्हा काढतं. गेल्या महिन्यात ज्या इशाऱ्यावर शेअर घेतला तो इशारा या महिन्यात आलेखात नसतोच. काका म्हणाले, मला मागची पानं हलणारी वही नको. मला हे पटलं, आणि अजूनही पटतं; चूक सापडायची असेल तर ती जिथे केली तिथेच राहायला हवी.

शेवटी उरला टक्क्यांचा चौकोन. दर चौकोन मागच्यापेक्षा ठरावीक टक्के वर. मग तो किती टक्क्यांचा? भाचीने पाव टक्क्यापासून तीन टक्क्यांपर्यंत सगळे आकडे आमच्या चौदा शेअरांवर चालवून पाहिले. सर्वांत चांगला निघाला १.३७.

सरांनी तो लगेच बाद केला. “१.३७ आला कुठून? याच चौदा पानांतून. म्हणजे उत्तरपत्रिका बघून लिहिलेलं उत्तर.” त्यांनी १ टक्का सुचवला, कारण तो गोल आहे, तीन चौकोनांत सगळा खर्च सहज भरून निघतो, आणि तो निवडायला जुन्या पानांकडे बघावं लागलं नाही. शेजारच्या आकड्यांवर फार फरक पडतो का, तेही त्यांनी बघायला लावलं. ०.८ आणि १.२ वर निकाल फारसे हलत नव्हते. १.३७ वर शिखर होतं आणि दोन्ही बाजूंना लगेच उतार. मी एरवी गणितवाल्यांच्या सावधपणाला कंटाळतो, पण इथे ते बरोबर होते.

काय केलं

चौदाही शेअरांची पानं २००९ पासून नव्याने काढली. हाताने. भाची म्हणाली एका मिनिटात छापून देते, पण काका ऐकेनात. काढताना जे दिसतं ते छापताना दिसत नाही म्हणाले. आणि तसं झालंही. एका पानावर अण्णांना आमची एक जुनी पळवाट सापडली.

तीन चौकोनांच्या रीतीत फुल्ल्यांचा स्तंभ चालू असेल तर आधी दिवसाचा उच्चांक बघतात. नवी फुल्ली बसली की त्या दिवसाचा नीचांक बघायचाच नाही. जुन्या ५ रुपयांच्या चौकोनाचं उदाहरण घेऊ. शेवटची फुल्ली २४५ वर आहे. आज उच्चांक २५२, नीचांक २२९. उच्चांकाने २५० ची फुल्ली बसते, दिवस संपला. भाव तिथून चार चौकोन खाली आला हे वहीला माहीतच नाही. नियम तसाच आहे आणि त्यामागे कारणही आहे: दिवसात आधी वर गेला की आधी खाली, हे दिवसअखेरच्या आकड्यांवरून कळत नाही. पण आम्ही अशा दिवशी कधी फुल्ली काढली होती, कधी गोळे. हातात शेअर असेल तर फुल्ली. हे मुद्दाम कोणी केलं नव्हतं. पण चार वेगवेगळ्या हस्ताक्षरांत ते दिसत होतं.

मग वाढीव पंधरा नियम एकेक करून काढून बघितले. नऊ नियम नव्या पानांवर काही कामच करत नव्हते. काढले तरी एखाद-दुसरा इशारा इकडेतिकडे. तीन असे निघाले की त्यांचा फायदा दिसायचा, पण तो एकाच घटनेतून आलेला. सिमेंट कंपनीची तिरकी रेघ त्यातलीच. सरांनी तेही खोडले, आणि त्यावर दोन रविवार भांडण झालं. तीन राहिले: निकालाचा दिवस, नगण्य उलाढाल, आणि लांब स्तंभाच्या शेंड्यावर न घेणं. चार आणि तीन, सात.

अमावास्येचा नियम काम न करणाऱ्या नवांत होता. अण्णांनी तो स्वतःच्या हाताने खोडला आणि म्हणाले, पाळणार मी.

नव्या वहीत नियमांच्या पानाला चार रकाने केले: नियम, तारीख, कशामुळे, आणि काय झालं तर काढायचा. शेवटचा रकाना मी मागून घेतला होता. करकायद्यात काही सवलतींना मुदत असते, तशी. आणि एक ठराव केला: नियम बदलायचा तो वर्षातून दोनदाच, गुढीपाडव्याला आणि दिवाळीच्या पाडव्याला. वहीपूजनाच्या आसपास वहीच उघडायची असते, तेव्हाच काय ते बघू. मधल्या काळात कितीही पोळलं तरी फक्त नोंद.

पुढे काय झालं

ठरावाची पहिली खरी कसोटी २० जुलै २०२३ ला लागली. रिलायन्समधून जिओ फायनान्शियल वेगळी झाली आणि सकाळच्या विशेष सत्रात रिलायन्सचा भाव आदल्या दिवशीच्या २,८४१ वरून २,५८० ठरला. भागधारकाचं काही गेलं नव्हतं, उरलेले २६१ रुपये दुसऱ्या कंपनीच्या शेअरमध्ये मिळणार होते. पण वहीत एका सकाळीत नऊ गोळे, आणि चौथ्या नियमाप्रमाणे विक्री. सर म्हणाले ही घसरण नाही, वाटणी आहे, विकू नका. काका म्हणाले पाडव्यापर्यंत नियम तो नियम. काकांनी विकला, सरांनी ठेवला. मी ठेवला, पण सरांच्या तर्कामुळे नव्हे. विकला असता तर भांडवली नफ्याचा हिशेब मलाच करावा लागला असता म्हणून.

इथे काका चुकले असं मला अजूनही वाटतं. नियम गोठवणं ठीक, पण आकडाच चुकीचा वहीत घातला तर नियमाचा काय दोष? दिवाळीच्या पाडव्याला पहिल्या नियमाखाली ओळ आली: विभाजन, बोनस किंवा कंपनीची वाटणी झाली तर आधी भाव जुळवायचा, मग पेन्सिल उचलायची.

दुसरी कसोटी ४ जून २०२४, लोकसभेच्या निकालाचा दिवस. आदल्या दिवशी निफ्टीचा उच्चांक २३,३३८. निकालाच्या दिवशी नीचांक २१,२८१ आणि बंद भाव २१,८८४. हौसेखातर ठेवलेल्या जुन्या ५० अंकांच्या पानावर काकांनी चाळीस गोळे काढले. बंद भावावरून काढले असते तर सत्तावीस. नव्या पानावर आठ-नऊ. विक्रीचे इशारे आले, अण्णांनी दोन शेअर विकले, आणि ७ जूनला निफ्टी २३,२९० वर, तोवरच्या सर्वांत वरच्या बंद भावाला. अण्णा संतापले. नीचांक सोडा, बंद भावावर वही काढा, आत्ताच्या आत्ता. २०२१ आधी तो नियम त्याच रविवारी शाईने लिहिला गेला असता. या वेळी नोंद झाली. पाडवा आला तेव्हा त्यांनीच चौदाही पानं बंद भावावर काढून आणली होती आणि म्हणाले, बाकी ठिकाणी उशीर होतो, राहू द्या.

पैशांचं विचाराल तर सांगण्यासारखं थोडंच आहे. २०२१ नंतरचा बाजार एकंदर चढता होता आणि त्यात कोणतीही बरी पद्धत बरी दिसते, म्हणून श्रेय सात नियमांना देणं मला हिशेबनीस म्हणून जड जातं. सप्टेंबर २०२४ मधल्या २६,२७७ पासून एप्रिल २०२५ मधल्या २१,७४३ पर्यंतच्या घसरणीत वहीने उशिरा बाहेर काढलं. उशीर हा या पद्धतीचा स्वभावच आहे. नक्की सांगता येतं ते एवढंच: सौदे कमी झाले, माझ्याकडे येणारी त्यांची व्यवहारांची यादी सहा पानांवरून दोनवर आली, आणि वाद आता जुन्या पानाकडे बोट दाखवून होतात.

वेगळं काय करता आलं असतं

कारणांचा रकाना पहिल्याच दिवशी हवा होता. अर्थसंकल्पाच्या नियमापुढे ‘अर्थसंकल्प’ हा एक शब्द असता तर २०१७ ला तो आपोआप सरकला असता.

२०१० ते २०१२ ची बरीच पानं आम्ही रद्दीत घातली. एचडीएफसी बँकेची उरली ती काकूंनी कपाटात अंथरली होती म्हणून. निदान त्या कपाटावर झालं, ही नामुष्कीच.

आणि सात नियमांवर आल्यावर आम्ही जुनी पद्धत त्याच दिवशी बंद केली. सहा महिने दोन्ही वह्या समांतर चालवून, पैसे न घालता, बघायला हवं होतं. सर हे म्हणाले होते. आम्ही थकलो होतो.

अजून न मिटलेला मुद्दा

ऑगस्ट २०२५ मध्ये एचडीएफसी बँकेने एकास एक बोनस दिला. भाव निम्मा. टक्क्यांच्या चौकोनाला याने फरक पडायला नको, असं आम्ही धरून चाललो होतो. पडला. भाचीच्या संगणकावर टक्क्यांची जाळी, म्हणजे चौकोनांच्या भावांची मालिका, १ रुपयापासून सुरू होते आणि भाव निम्मा झाला की आलेख त्या जाळीवर ६९.६६ चौकोन खाली सरकतो. पूर्ण सत्तर नाही. त्या उरलेल्या तुकड्याने २०२२ ची एक खरेदी पडद्यावरून गायब झाली.

भाचीने तिथल्या तिथे आकडेमोड केली आणि ओरडलीच. चौकोन २ टक्क्यांचा केला तर निम्म्याला जवळजवळ नेमके ३५ चौकोन येतात! तुकडा उरतच नाही. अण्णा लगेच तयार. सर म्हणाले, आकड्यांचा योगायोग आहे, एका शेअरचे पाच असं विभाजन झालं तर ८१.२७ येतील, तेव्हा काय करणार? पुन्हा चौकोन बदलणार? दहा-पंधरा मिनिटं असं चाललं होतं.

काका मध्ये काहीच बोलले नाहीत. त्यांनी वही पुढे ओढली, खोडरबर घेतला आणि पानाच्या डाव्या कडेला लिहिलेले भाव वरून खाली एकेक खोडून त्यांच्या जागी निम्मे आकडे लिहायला घेतले. आतल्या एकाही फुल्लीला, एकाही गोळ्याला त्यांनी हात लावला नाही.

“जाळीलाही दोनाने भागा,” ते म्हणाले. “२०११ लाच हे करायला हवं होतं.”

भाची अजून संगणकावर ते कसं बसवायचं ते बघतेय.